एचडब्ल्यू 35: साडेपाचची नळी काढून साडेचारची लावल्यावर वेग पडतो आणि झटका वाढतो, दोष कुठे शोधायचा

वाइराउख कंपनीची एचडब्ल्यू 35 ही स्प्रिंगवर चालणारी, नळी सांध्यातून खाली मोडून स्प्रिंग ताणायची रायफल 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपासून जर्मनीत मेलरिखश्टाट इथे बनते आहे. जुनी 5.5 मिमीची रायफल हाती येते, 4.5 मिमीची नळी मिळते, आणि अदलाबदल तशी अवघड नसल्याने ती केली जाते. मग तक्रार ठरलेली: पूर्वी गोड चालणारी रायफल आता दगडासारखी धक्का देते, छरे विखुरतात, वेग हवा तितका येत नाही किंवा दर नेमाला वेगळा येतो. यावर बहुतेक जण जाड स्प्रिंग घालतात. त्याने झटका आणखी वाढतो, वेगात फारसा फरक पडत नाही, आणि रायफल पुन्हा खोलावी लागते. हा फेरा तीन-चार वेळा झाला की चांगली रायफल कपाटात जाते.

नळी बदलल्यानंतरचा दोष स्प्रिंगमध्ये क्वचितच असतो. आदल्या दिवशी जी स्प्रिंग नीट काम करत होती, ती नळी बदलल्याने बिघडत नाही. बदलला आहे तो नळी आणि सिलिंडर (ज्यात स्प्रिंग पिस्टन पुढे ढकलून हवा दाबते) यांचा सांधा, आणि छऱ्यामागची हवेची जागा. शोध तिथूनच सुरू करायचा.

आधी कायदा आणि हाताची काळजी

भारतात 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिमीपर्यंतची आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते, 5.5 मिमीला परवाना लागतो. शस्त्र कायद्याच्या कलम 5 मध्ये विक्रीबरोबर दुरुस्ती आणि रूपांतर हेही शब्द आहेत, म्हणून परवान्यावरच्या रायफलची नळी घरी बदलू नका. ते काम परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या, आणि नोंदीत बदल करून घ्या. ब्रिटनमध्ये 12 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 16.3 ज्यूल ही मर्यादा आहे. स्कॉटलंडमध्ये त्याखालच्या रायफलीलाही प्रमाणपत्र लागतं. जर्मनीत पंचकोनात एफ अक्षराचा शिक्का असलेली रायफल 7.5 ज्यूलच्या आतली असते आणि तिची ताकद वाढवणं तिथे गुन्हा आहे.

या एफ शिक्क्याकडे निदान म्हणूनही पाहा. तुमच्या रायफलीवर तो असेल तर ती मुळातच मऊ स्प्रिंगची आहे. 0.547 ग्रॅमचा छरा तिच्यातून सेकंदाला साधारण 165 मीटरच्या आसपासच जाणार. हा बिघाड नाही, आणि पुढचं निम्मं वाचायची गरज नाही.

ताणलेली नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरल्याशिवाय छरा भरू नका. चाप जुना आणि झिजलेला असेल तर नळी फटकन मिटते, आणि मध्ये आलेलं बोट राहत नाही. रिकामी रायफल कधीही झाडू नका: पुढे छऱ्याचा अडसर नसला की पिस्टन सिलिंडरच्या टोकावर थेट आदळतो.

अपेक्षा किती ठेवायची

4.5 मिमीच्या भोकाचं क्षेत्रफळ सुमारे 15.9 चौरस मिमी, 5.5 चं 23.8. छरा नळीत एक सेंटिमीटर पुढे गेला की त्याच्यामागे मोकळी होणारी जागा साडेपाचमध्ये 0.24 घन सेंमी, साडेचारमध्ये 0.16. पिस्टन तोच, हवा तीच, पण तिला पसरायला जागा एक तृतीयांशाने कमी. त्यामुळे पिस्टनपुढे हवेची उशी लवकर घट्ट होते, पिस्टन तिच्यावर आपटून मागे उसळतो आणि मग पुन्हा पुढे येतो. हाताला जाणवणारा तो दुहेरी धक्का हाच. त्या उसळीत गेलेली ताकद छऱ्याला मिळत नाही, म्हणून तीच रायफल साडेचारमध्ये एक-दीड ज्यूल कमी देते. हा तोटा भरून काढायला जाड स्प्रिंग घातली तर उसळीच वाढते.

हिशेब ज्यूलमध्येच करा, वेगात नाही. छऱ्याचं वजन ग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 2000. साडेपाचचा 1.03 ग्रॅमचा छरा 165 मीटर प्रतिसेकंद गेला तर 14 ज्यूल. साडेचारचा 0.547 ग्रॅमचा छरा 220 ने गेला तर 13.2 ज्यूल. म्हणजे ही रायफल निरोगी आहे. 190 मिळत असेल तर ती 9.9 ज्यूलवर आली आहे आणि खरोखर काहीतरी गळतं किंवा घासतं आहे.

क्रोनोग्राफ (छऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) काय सांगतो

एकाच डब्यातले, वजन केलेले दहा छरे झाडून दहाही आकडे लिहून काढा. सरासरीपेक्षा आकड्यांची चाल महत्त्वाची.

सरासरी कमी, पण दहाही आकडे चार-पाच मीटरच्या आत असतील तर ब्रीच सील, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडावरची हवा अडवणारी कडी, धड आहे. दमलेली स्प्रिंग, घर्षण, किंवा त्या नळीला न मानवणारा छरा यांपैकी एक कारण. सरासरी ठीक पण आकडे पंधरा-वीस मीटर इकडेतिकडे उड्या मारत असतील तर ब्रीच सील किंवा सांधा. पहिले तीन-चार आकडे फार मोठे, नळीतून धूर, करपट वास, आणि मग आकडे उतरत जातात, असं असेल तर सिलिंडरमध्ये तेल जळतं आहे. तो वेग खरा धरू नका. आकडे हळूहळू चढत जाऊन स्थिरावले तर पिस्टनच्या टोकावरचा चामड्याचा वॉशर कोरडा होता आणि आता बसतो आहे, किंवा गार हवेत घट्ट झालेलं ग्रीस सैल होतं आहे.

इथून पुढे एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा दहा छरे. दोन बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने काय झालं ते कळणार नाही.

सांधा: बहुतेक वेळा दोष इथेच

या रायफलीत नळी आणि तिचा मागचा चौकोनी ठोकळा एकत्रच बदलावा लागतो. दोन वेगळ्या काळात बनलेल्या रायफलींचे ठोकळे दिसायला सारखे असले तरी खिळीच्या (जिच्यावर नळी फिरते) भोकापासून ठोकळ्याच्या तोंडापर्यंतचं अंतर केसभर वेगळं असू शकतं. तेवढ्यानेही हवा निसटते.

पहिली चाचणी टिश्यू पेपरची. छरा भरून नळी मिटवा, सांध्यावर टिश्यूची सुटी पट्टी वरून टाका आणि सुरक्षित भिंतीसमोर झाडा. पट्टी जरा थरथरली तर हरकत नाही, उडाली तर गळती आहे. रायफल आडवी धरून डाव्या आणि उजव्या बाजूलाही हेच करा. गळती बहुधा एकाच बाजूने असते आणि कोणत्या बाजूने ते माहीत असलं की पुढचं काम निम्मं होतं.

दुसरी चाचणी कागदाची. रायफल ताणलेली नको. साध्या वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी सील आणि सिलिंडरच्या तोंडामध्ये ठेवून नळी मिटवा आणि पट्टी ओढा. वर, खाली, दोन्ही बाजूंना सारखाच ताण लागला पाहिजे. वर घट्ट आणि खाली सैल, हे जुन्या सीलचं नेहमीचं लक्षण. नळी खालून वर फिरत मिटते, त्यामुळे सीलची खालची कड आधी दबते आणि आधी मरते.

तिसरी चाचणी फार कमी लोक करतात, आणि नळी बदलल्यावर तीच सर्वांत उपयोगाची. सीलच्या तोंडावर मार्कर पेनची शाई लावा, लगेच नळी मिटवा आणि उघडा. सिलिंडरच्या तोंडावर शाईचं गोल वर्तुळ उमटेल. सिलिंडरमधून नळीत हवा जाते ते मधलं बारीक भोक त्या वर्तुळाच्या बरोबर मध्ये आहे का ते भिंगातून पाहा. साडेपाचच्या नळीत भोक जरा बाजूला असलं तरी खपून जायचं, कारण नळीचं तोंड मोठं होतं. साडेचारमध्ये तेवढाच फरक हवेच्या वाटेत कड आणतो. भोक वर्तुळाच्या मध्यापासून वर किंवा खाली सरकलेलं दिसलं तर आधी नळी मिटलेली धरून ठेवणारा खटका नीट बसतो का पाहा. डावी-उजवीकडे असेल तर खिळीवरचे वॉशर बदलून ठोकळा मध्यावर आणा. हवेचं भोक ड्रिलने मोठं करण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. मोठ्या भोकाने पिस्टनपुढची उशी विरळ होते, पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळायला लागतो, आणि एकदा काढलेलं लोखंड परत भरता येत नाही.

सील ठोकळ्याच्या तोंडातून 0.2 ते 0.3 मिमी वर उठलेलं असावं. कमी असेल तर ते काढून खाचेत 0.1 मिमीच्या पितळी पत्र्याची किंवा जाड कागदाची कडी ठेवा आणि वर सील बसवा. जास्त उठलेलं असेल तर वेगळाच घोटाळा होतो. एचडब्ल्यू 35 ला ठोकळ्याच्या डाव्या बाजूला अंगठ्याने दाबायचा खटका आहे. सील जास्त उंच असलं की नळी मिटते खरी, पण खटका पूर्ण आत जात नाही, आणि दर वेळी थोडा वेगळ्या जागी थांबतो. मग वेग उत्तम आणि लक्ष्यावर छरे उभ्या रांगेत! अशी उभी रांग दिसली की दुर्बिणीला दोष देण्याआधी सील न लावता नळी मिटवून खटका कुठवर जातो ते पाहा, पेन्सिलीने खूण करा, मग सील लावून तेच करा. खूण जुळली पाहिजे.

अंतरातला फरक 0.3 मिमीपेक्षा जास्त असेल तर सीलने तो झाकत बसू नका. ती नळी त्या रायफलीची नाही. ठोकळ्याचं तोंड कानशीने घासणं हा उपाय नाही, ते काटकोनात राहत नाही.

खिळीचा बोल्ट इतका आवळा की रायफल ताणून सोडलेली नळी आडव्या स्थितीत स्वतःच्या वजनाने हळू खाली येईल किंवा तिथेच राहील. झपकन पडली तर सैल. हाताने डावी-उजवीकडे हलवून खेळ जाणवला तर बोल्ट आवळून तो लपवण्याऐवजी वॉशर बदला.

सांध्याचा प्रश्न सुटला तरच आत जायचं

दस्त्याचे स्क्रू काढून यंत्रणा बाहेर आली की चापाचा संच धरणाऱ्या दोन पिना आणि सेफ्टीची कळ निघते. कळीमागे बारीक स्प्रिंग असते. ती उडून हरवते, म्हणून फडक्यात काढा. मग सिलिंडरची मागची टोपी आट्यांवरून फिरवून सुटते. शेवटच्या आट्यालाही आत स्प्रिंगचा दाब शिल्लक असतो. सुताराच्या लांब शिकंजात रायफल धरून, दाब देऊनच शेवटचे आटे सोडा. चेहरा समोर ठेवून टोपी हाताने सोडायची नाही, कितीही अनुभव असला तरी.

वॉशर चामड्याचा असेल तर बोटाने दाबून पाहा. लवचीक आणि कड धारदार असेल तर बदलायची गरज नाही. कडक झालेला वॉशर शुद्ध सिलिकॉन तेलात रात्रभर ठेवला तर बरेचदा जिवंत होतो. बाहेर काढल्यावर फडक्याने निथळून पुसा. खनिज तेल, शिलाई मशीनचं तेल, डब्ल्यूडी-40 यांपैकी काहीही पिस्टनच्या पुढे जाऊ देऊ नका. दाबाखाली ते पेटतं आणि त्या स्फोटाने स्प्रिंग तुटते. मॉलिब्डेनम पेस्ट पिस्टनच्या मागच्या भागाला आणि चापाच्या दाताला, तीही बोटाने चोळून पुसावी इतकी पातळ.

स्प्रिंग सपाट काचेवर लोळवा. वाकडी लोळली तर ती गेली. ‘ट्वँग’ असा कंप ऐकू येत असेल तर स्प्रिंगपेक्षा आधी मार्गदर्शक नळी, म्हणजे स्प्रिंगच्या आतला गाइड तपासा. दाबली की स्प्रिंगचा व्यास किंचित वाढतो, म्हणून मोकळ्या स्प्रिंगमध्ये गाइड हाताने फिरवत ढकलावा लागेल इतका घट्ट हवा. मूळ पत्र्याचा गाइड सैल असतो. लेथवर डेलरिनचा (कडक प्लास्टिकचा) करून घेतला तर आवाज जवळजवळ संपतो. जाड चिकट ग्रीस गाइडच्या जागी वापरलं की कंप दाबला जातो, पण चार-पाच मीटरचा वेग खातं आणि थंडीत त्याहून जास्त.

आता स्प्रिंगचं. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो: 3.2 मिमीऐवजी 3.4 मिमीची तार, बाकी सगळं तेच, तर स्प्रिंग सुमारे 27 टक्के कडक. पाव मिमीपेक्षा कमी फरकासाठी ही केवढी उडी. साडेचारच्या नळीसाठी उलट दिशेने जाणं बरं: मूळ जाडीचीच, निरोगी स्प्रिंग, आणि आधीच्या मालकाने मागे दाबासाठी कड्या घातल्या असतील तर त्या काढा. 5 मिमी दाब कमी केल्याने ताकद अर्धा-पाऊण ज्यूल जाते, पण उसळी मावळते आणि छरे गोळा व्हायला लागतात. बहुतेकदा एवढंच पुरतं.

नवी स्प्रिंग घालायचीच असेल तर वेटोळी गुणिले तारेची जाडी हा हिशेब आधी करा. 30 वेटोळी आणि 3.2 मिमी तार म्हणजे पूर्ण दबलेली लांबी 96 मिमी. ताणलेल्या स्थितीत पिस्टनच्या आतल्या टोकापासून गाइडच्या बुडापर्यंत याहून जास्त जागा नसेल तर ताणताना शेवटी भिंत लागल्यासारखं होतं आणि चाप पकडत नाही. जोर लावला तर ताणायचा दांडा वाकतो. वेटोळं कमी करायचं झालं तर कापलेल्या टोकाचं फक्त शेवटचं अर्धं वेटोळं लाल करा, बाकीची स्प्रिंग ओल्या फडक्यात गुंडाळून. टोक सपाट दाबून हवेत थंड होऊ द्या आणि काटकोनात घासून कड मऊ करा. तिरकं टोक स्प्रिंगला आत वाकवतं आणि तोच कंप परत येतो.

वेग स्थिर झाला, तरी छरे विखुरतात

इथे छरे बदलून पाहण्याला पर्याय नाही. साडेचारमध्ये 0.51 ते 0.55 ग्रॅमचे गोल डोक्याचे छरे या ताकदीला मानवतात. 0.67 ग्रॅमचे जड छरे जास्त नेम देतील असं वाटतं, पण हलक्या स्प्रिंगवर ते नळीत उशिरा सुटतात, तोवर रायफल हललेली असते. डोक्याचे माप 4.50, 4.51, 4.52 असे वेगळे मिळतात. अंगठ्याने दाबल्यावर छरा किंचित विरोध करून ठोकळ्याच्या तोंडाशी सपाट बसला पाहिजे. आपोआप आत घसरणारा छरा या नळीत चालणार नाही.

जुन्या नळीत शिशाचा थर असतो. मासेमारीची तंगूस दुहेरी करून मागून पुढे ओढा आणि तिच्या फासात सुती चिंधी अडकवा. पहिल्या चिंध्या काळ्याकुट्ट येतील, पांढरी येईपर्यंत ओढत राहा. लोखंडी सळई तोंडाकडून घालू नका, तोंडाची कड दुखावली की नळी कायमची बिघडते. या नळ्या तोंडाशी किंचित आवळलेल्या असतात आणि छऱ्याला शेवटचं वळण तिथेच लागतं, म्हणून खराब तोंड दिसलं तरी नळी कापून आखूड करू नका.

दस्त्याचे पुढचे दोन स्क्रू दर पन्नास-शंभर छऱ्यांनी तपासा. स्प्रिंगच्या रायफलीत ते सैल होतातच, आणि सैल झाले की सगळं निदान खोटं ठरतं. रायफल पिशवीवर घट्ट दाबून धरू नका. पुढचा हात उघडा ठेवून तिला त्यावर मोकळी सरकू द्या, आणि हात दर वेळी त्याच जागी.

नळीबरोबर नेम धरायची पुढची माशी आणि तिची उंचीही बदललेली असते. मागची दृष्टी पूर्ण खाली आणूनही छरे वर लागत असतील तर माशी उंच हवी. किती, ते काढता येतं: माशी ते मागची दृष्टी हे अंतर 450 मिमी असेल आणि 10 मीटरवर छरे 20 मिमी वर लागत असतील, तर 20 गुणिले 450 भागिले 10,000, म्हणजे 0.9 मिमी. छरे खाली लागत असतील तर तेवढीच माशी कमी करायची, पण कानशी लावण्याआधी अडीचशे-तीनशे छरे जाऊ द्या. नवा सील दबतो, वॉशर बसतो, वेग थोडा हलतो आणि छऱ्यांची जागाही.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात रायफल ठेवायची असेल तर रेक्झिनच्या पिशवीतून बाहेर काढून ठेवा. आत ओल कोंडते आणि चामड्याच्या सीलवर बुरशी धरते, नळीत गंज धरतो तो वेगळाच. नळीतून तेलाची चिंधी फिरवून ठेवली असेल, तर पावसाळा संपल्यावर पहिला छरा झाडण्याआधी दोन कोरड्या चिंध्या ओढून काढा, नाहीतर ते तेल सिलिंडरमध्ये जाऊन पेटेल.